सह्या दिल्लीच्या, समुद्र कुणाचा?

राजदंड जागेवर नसला की बलवान दुर्बळाला गिळतो. ही अवस्था सांगण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी 'मात्स्यन्याय' हा शब्द योजला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो आला आहे. माशांच्या जगातली रीत माणसांच्या जगात शिरू नये म्हणून राजा हवा, असा तो युक्तिवाद. आज मात्र उलटेच पाहावयास मिळते. माणसांचा मात्स्यन्याय खुद्द माशांच्याच मुळावर उठला आहे, आणि तोही राजदंडाच्या अभावी नव्हे! एकट्या पश्चिम किनाऱ्यावर दिल्लीचा दंड आहे, गांधीनगरचा आहे, मुंबईचा आहे, पणजीचा आहे, बंगळूरचा आहे. दंड इतके, आणि चोराच्या पाठीवर एकही बसत नाही. कारण प्रत्येक दंड आपापल्या हद्दीच्या खुंटीला टांगलेला आहे.

हे आज लिहिण्यास कारण आहे. जागतिक व्यापार संघटनेने १७ जून २०२२ रोजी जिनिव्हात मासेमारीच्या अनुदानांविषयी करार केला आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी तो अमलात आला. बेकायदा मासेमारी करणाऱ्या नौकेला आणि आधीच उपसल्या गेलेल्या साठ्यावर चालणाऱ्या नौकेला सरकारी पैशाचे बळ मिळू नये, हा त्याचा गाभा. त्या दिवशी करार स्वीकारणाऱ्यांच्या यादीत भारताचे नाव नव्हते. पाठोपाठ ४ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या, म्हणजे किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या मासेमारीचे नियम प्रसिद्ध केले. यांत्रिक नौकांना परवानापत्र, पारंपरिक मच्छीमारांना त्यातून सूट, आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीला बंदी, असे त्यांचे स्वरूप आहे. नियम चांगले आहेत. करारांचीही आपल्याकडे वाण नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारास भारताने १९९५ साली मान्यता दिली. हिंदी महासागरातल्या टूना माशांसाठी असलेल्या आयोगाचा भारत त्याच वर्षी सदस्य झाला. सीमा ओलांडून फिरणाऱ्या माशांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात तो २००३ साली सामील झाला. सह्या झाल्या, शिक्के उमटले. दिल्लीत वाळलेली ही शाई समुद्राच्या पाण्यात टिकते काय, एवढाच आमचा सवाल आहे.

सीमाभागातल्या आमच्या वाचकाला वाटेल, आम्हां डोंगराकडच्या माणसांना दर्याशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. बेळगावच्या बाजारात येणारी मासळी मालवण-वेंगुर्ल्याची, गोव्याची, कारवारची असते. ती दरवर्षी महाग का होते आणि टोपलीतले मासे बोटाएवढे का होत चालले आहेत, हा आमच्याच घरातला प्रश्न आहे. शिवाय नकाशावर ओढलेली रेघ जिवंत गोष्टीला कशी कापते, हे सीमावासीयांना कोणी शिकवावयास नको. माशाला तर तीही जाणीव नाही. तो पोहत राहतो, आणि एका हद्दीत जपला गेलेला दुसऱ्या हद्दीत मारला जातो.

उदाहरण बडोद्याचे घ्या. बंगालात ज्याला इलिश म्हणतात तोच आपला पाला. त्याची रीत अशी की, वाढावयाचे समुद्रात आणि पावसाळ्यात नदीला गोडे पाणी चढले की अंडी घालण्यास नदीत शिरावयाचे. पश्चिम किनाऱ्यावर त्याचे मोठे माहेर म्हणजे बडोद्याच्या दक्षिणेस भरुचजवळचे नर्मदेचे मुख. बडोद्यात चार पिढ्या नांदलेल्या आमच्या एका मराठी स्नेह्यांकडे पावसाळ्यात जाणे झाले की पानात भरुचचा पाला ठरलेला असे. गेल्या खेपेस त्यांनी खजील होऊन सांगितले, "आता मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि परवडला तरी तो नर्मदेचाच आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगत नाही."

असे का झाले? बडोद्यातच केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेचे केंद्र आहे. नर्मदेच्या खाडीचा आणि पाल्याचा अभ्यास तेथील शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे करीत आले आहेत. वरच्या धरणांमुळे मुखाशी येणारे गोडे पाणी आटले, खारे पाणी आत सरकले, त्यातच बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले उपसली गेली. आता भाडभूत येथे नदीच्या मुखावरच बंधारा उभा राहतो आहे आणि तेथील मच्छीमार आपल्या पोटासाठी त्याविरुद्ध ओरडत आहेत. १९७९ च्या लवादाने नर्मदेचे २८ दशलक्ष एकर-फूट पाणी मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्र अशा चार राज्यांत वाटले. त्या वाटणीत पाल्याच्या नावाचा रकाना नव्हता! आणि सागरी कायद्याचा करार काय म्हणतो? त्याचे ६६ वे कलम सांगते की, समुद्रातून नदीत चढणाऱ्या माशांची पहिली जबाबदारी ज्या देशाच्या नदीत ते जन्मतात त्या देशाची. म्हणजे १९९५ साली भारताने जगाला जे वचन दिले, ते पाळावयाचे स्थळ दिल्ली नव्हे, जिनिव्हा नव्हे; ते भरुचची खाडी आहे. ते पाळावयाचे तर धरणाचे खाते, बंदराचे खाते, मत्स्यखाते आणि चार राज्ये यांना एका चटईवर बसावे लागेल. ती चटई अजून कोणी अंथरलेली नाही.

याच बडोद्याच्या इतिहासात एक वेगळे पानही आहे. द्वारकेभोवतीचे ओखामंडळ बडोदे संस्थानात होते. सयाजीराव महाराजांच्या दरबाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जेम्स हॉर्नेल या समुद्रशास्त्रज्ञास तेथे पाचारण केले आणि मोत्यांचे शिंपले, शंख व किनाऱ्यालगतची जीवसृष्टी यांची पाहणी करविली. तिचा अहवाल १९०९ व १९१६ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. संपत्ती काढण्यापूर्वी ती किती आहे ते मोजावे, एवढे शहाणपण त्या काळी एका संस्थानिकाला होते. आज उपग्रह आहेत, संस्था आहेत, आकडे आहेत; आणि तरी मोजणारा एकीकडे, परवाना देणारा दुसरीकडे, पकडणारा तिसरीकडे!

या फाटाफुटीचे मूळ समजून घेतले पाहिजे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मत्स्यव्यवसाय राज्यांच्या यादीत २१ व्या क्रमांकावर आहे. प्रादेशिक समुद्रापलीकडची मासेमारी केंद्राच्या यादीत ५७ व्या क्रमांकावर आहे. बारा सागरी मैलांपर्यंत राज्य, त्यापुढे केंद्र. गोव्याचा कायदा १९८० चा, महाराष्ट्राचा १९८१ चा, कर्नाटकाचा १९८६ चा, गुजरातचा २००३ चा. प्रत्येकाची जाळ्यांविषयीची कलमे वेगळी, दंड वेगळे, अधिकारी वेगळे. बारा मैलांपुढे परकीय नौकांसाठी १९८१ चा केंद्रीय कायदा होता. पण आपल्याच नौकांनी तेथे काय करावे आणि काय करू नये, हे सांगणारी सर्वंकष नियमावली येण्यास २०२५ साल उजाडावे लागले. परदेशी बोटीला कायदा आणि देशी बोटीला मोकळे रान, अशी चाळीसेक वर्षे गेली.

या शिवणीतूनच चोर निसटतो. एलईडी दिव्यांची गोष्ट पाहा. रात्री समुद्रात प्रखर प्रकाश पाडावयाचा, त्याकडे झेपावलेले लहानमोठे सारे मासे एका घेऱ्यात ओढावयाचे. जन्मलेले आणि जन्मावयाचे एकाच रात्री संपवण्याचा हा उद्योग. केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी अनन्य आर्थिक क्षेत्रात त्याला बंदी केली. महाराष्ट्राने २०२१ साली कायदा दुरुस्त करून दंड लाखांच्या घरात नेले आणि जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही उडवले. तरी मालवणच्या रापणकराला आणि देवगडच्या खलाशाला विचारा: क्षितिजावर रात्री दिवाळी दिसते की नाही? ड्रोनला बोट दिसते. पण ती मालपेची असली आणि दक्षिणेकडे पळाली, तर तिच्या दारावर नोटीस कोणी चिकटवावयाची? महाराष्ट्राचा अधिकारी म्हणतो, ती आमच्या नोंदीत नाही. तिकडचा म्हणतो, गुन्हा आमच्या पाण्यात घडला नाही. केंद्र म्हणते, बारा मैलांच्या आतले राज्यांनी पाहावे. तिघांचे म्हणणे कागदावर बिनचूक, आणि मासा मेला तो मेलाच!

येथे एक गोष्ट आम्ही स्पष्ट शब्दांत सांगतो. गुन्हेगार नेहमी परप्रांतीयच असतो, अशी समजूत करून घेणे सोयीचे आहे; पण ते असत्य आहे. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध घातले. ते मोडणाऱ्यांत आमचीही माणसे आहेत, आणि त्यांच्यामागे उभे राहणारे पुढारीही मराठीच बोलतात. सीमेच्या प्रश्नावर आम्ही भाषेचा अभिमान सांगतो तो माणसाच्या हक्कासाठी. तो अभिमान लुटीचे पांघरूण म्हणून कोणी वापरू पाहील, तर ते पांघरूण ओढून काढणे हे आमचेच कर्तव्य आहे. मालवणचा गाबीत, सातपाटीचा कोळी, कारवारचा हरिकंत्र आणि वेरावळचा खारवा यांचे दुःख एकच आहे, आणि त्यांना लुटणाऱ्यालाही जात-भाषा नाही. २०२३ साली महाराष्ट्राने पापलेटास राज्यमासा ठरविले आणि गुजरातने घोळीस. गौरव झाला, उत्तम! पण पापलेट गुजरातच्या पाण्यात पोहते आणि घोळ महाराष्ट्राच्या. पाहुण्याच्या घरी आपल्या देवाचा बळी जात असेल, तर आपल्या देव्हाऱ्यात घंटा वाजवून काय उपयोग?

हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांस आम्ही त्याच गुजरातच्या किनाऱ्यावरचा एक दाखला देतो. व्हेल शार्क हा मुशीच्या कुळातला, आणि जगातल्या सर्व माशांत मोठा, पण निरुपद्रवी मासा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर तो यकृताच्या तेलासाठी आणि परदेशी जाणाऱ्या मांसासाठी शेकड्यांनी मारला जाई. त्याला दमवून तरता ठेवण्यास पिंपे बांधीत, म्हणून त्याचे नावच तिकडे 'बॅरल' पडले होते. माइक पांडे यांच्या २००० सालच्या चित्रपटाने ही कत्तल जगापुढे आणली. २००१ साली भारताने त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. २००२ साली सांतियागोच्या परिषदेत, भारत व फिलिपीन्स ज्यात पुढे होते अशा प्रस्तावावर, त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. येथवर नेहमीचीच कथा. पुढे घडले ते निराळे. २००४ पासून वन्यजीव संस्था, वनखाते, तटरक्षक दल आणि जुन्या ओखामंडळातल्याच मिठापूरची टाटा केमिकल्स एकत्र आली. मोरारीबापूंनी मच्छीमारांना सांगितले की, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आहे, हिला मारता? 'बॅरल'ची 'व्हाली' झाली, म्हणजे लाडकी. आणि नुसते कीर्तन झाले नाही. जाळ्यात अडकलेला मासा सोडण्यासाठी जो जाळे कापील त्याला वनखात्याने नुकसानभरपाई देऊ केली. पुढे मच्छीमारानेच छायाचित्र काढून पुरावा द्यावा, अशीही सोय झाली. ज्यांनी पूर्वी भाले मारले त्यांनीच आपली जाळी कापून शेकडो व्हेल शार्क समुद्रात सोडले. महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षित जीव सोडणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आणली.

यातला बोध साधा आहे. आंतरराष्ट्रीय करार, देशाचा कायदा, राज्याचे खाते आणि किनाऱ्यावरचा माणूस, अशा चार कड्या जुळल्या तेव्हाच साखळी झाली. चौथी कडी सर्वांत महत्त्वाची. कारण समुद्रात त्या क्षणी हजर असतो तो तांडेल, इन्स्पेक्टर नव्हे. त्याने सुरी जाळ्यावर चालवावयाची की माशावर, हे त्याच्या पोटाची हमी कोणी घेतली आहे यावर ठरते.

आणि साखळी तुटली की काय होते, तेही अनुभवास आले आहे. अमेरिकेने आपल्या कायद्यानुसार अट घातली की, कोळंबी धरणाऱ्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला बाहेर पडण्याची वाट हवी. भारताने मलेशिया, पाकिस्तान व थायलंड यांच्यासह त्याविरुद्ध व्यापार संघटनेत दाद मागितली. त्याचा निकाल १९९८ साली लागला. अमेरिकेची अरेरावी आम्हांसही रुचलेली नाही. परंतु कासवाची वाट ठेवणारी जाळ्याची चौकट आपल्याच कोचीच्या शास्त्रज्ञांनी येथील मासेमारीला सोयीची करून दिली होती. राज्यांनी ती बोटींवर बसवून घेतली नाही, केंद्राने पाठपुरावा केला नाही, आणि २०१९ साली समुद्रात धरलेल्या भारतीय कोळंबीला अमेरिकेचा बाजार बंद झाला. नियम पाळणारे आणि मोडणारे एकाच दोरीने बांधले गेले. बेफिकिरी सरकारांची आणि भुर्दंड कोळ्याला, याला न्याय म्हणतात काय?

जगाच्या व्यासपीठावर भारत जे बोलतो ते आम्हांस मान्य आहे. श्रीमंत देशांनी दशकानुदशके सरकारी पैशावर प्रचंड नौका बांधल्या आणि दुसऱ्यांच्या दारातले समुद्र उपसले. हिंदी महासागरात पिवळ्या पंखांचा कुपा सर्वाधिक पकडणाऱ्यांत युरोपीय संघाचे ताफे आहेत. ज्यांनी साठा संपवला त्यांनी प्रथम आवरावे, आणि विकसनशील देशांना अवधी मिळावा, ही मागणी रास्त आहे. परंतु जिनिव्हात गरीब कोळ्याच्या नावाने पंचवीस वर्षांची मुदत मागावयाची आणि रत्नागिरीसमोर त्याच गरीब कोळ्याचा घास लाखांच्या यंत्रसामग्रीला गिळू द्यावयाचा, ही दुटप्पी चाल जगाला दिसत नाही असे समजू नये. घरची शिस्त हाच बाहेरच्या युक्तिवादाचा कणा असतो.

शेजाऱ्याकडून शिकावयाचे तर बांगलादेशाकडे पाहा. पूर्व किनाऱ्यावर भारताची मासेमारी बंदी १५ एप्रिल ते १४ जून. बांगलादेशाची २० मे ते २३ जुलै होती. त्यामुळे त्यांच्या होड्या बंद असताना भारतीय बोटी येऊन मासे नेतात, अशी तेथील कोळ्यांची तक्रार होती. २०२४ च्या सत्तांतरानंतर उभय देशांत कटुता असतानाही २०२५ साली ढाक्याच्या सरकारने आपली बंदी १५ एप्रिल ते ११ जून अशी सरकवून भारताच्या तारखांशी जुळवून घेतली. दोन परके देश, दोन ध्वज, मनात अढी. तरी माशाच्या विणीचा हंगाम दोघांना मान्य! आणि येथे एकाच तिरंग्याखालच्या चार राज्यांना एका कलमावर एकमत करता येत नाही?

आमच्या मागण्या अशा आहेत. पश्चिम किनाऱ्यावरच्या सर्व राज्यांत जाळ्याच्या आसाचा नियम, माशाची कमीत कमी लांबी आणि दंड एकच असावेत. प्रत्येक यांत्रिक बोटीची नोंद सर्व राज्यांच्या अधिकाऱ्यांस पाहता यावी, आणि एका राज्याने केलेली कारवाई दुसऱ्या राज्याच्या परवान्यास लागू व्हावी. समुद्र अफाट आहे, पण बंदरे मोजकी आहेत. बेकायदा बोटीला बंदरातच अडवावे, हे तत्त्व २००९ च्या आंतरराष्ट्रीय बंदर-करारात आहे. ते ससून डॉकला, वेरावळला आणि मालपेला लावण्यास कोणाची हरकत आहे? नियम मोडणाऱ्या बोटीचा डिझेल परतावा त्याच दिवशी थांबवावा आणि वाचलेला पैसा जाळे कापणाऱ्याच्या भरपाईकडे वळवावा. ही भरपाई बोटमालकापुरती न राहता त्या फेरीत मजुरी बुडालेल्या खलाशापर्यंत पोहोचावी. आणि या सर्व व्यवस्थेत मच्छीमार सहकारी संस्थांचे प्रतिनिधी नुसते ऐकण्यास नव्हे, मत देण्यास बसवावेत.

केंद्र सरकारने 'हा राज्यांचा विषय' म्हणून हात झटकू नयेत. घटनेचे २५३ वे कलम परराष्ट्रांशी झालेला करार अमलात आणण्यासाठी कोणत्याही विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेस देते. तो दंडुक्यासारखा उगारावा, असे आमचे म्हणणे नाही. राज्यांना एकत्र बसवण्याइतका तो पुरेसा आहे. राज्यांनीही स्वायत्ततेचा झेंडा लुटारूंच्या डोलकाठीवर चढवू नये. जी स्वायत्तता आपल्या कोळ्याचे रक्षण करीत नाही, ती कोणासाठी?

शेवटी दोन शब्द वाचकांशी. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ वाहतो, तो पावसाचे दोन महिने होडी वर ओढून ठेवल्यानंतर. कायद्याने बंदी येण्याच्या कितीतरी आधीपासून हा संयम त्याच्या घरात होता. तो त्याने पाळावा आणि बाजारात आपण मात्र बोटभर पापलेटांचा वाटा स्वस्त म्हणून पिशवीत टाकावा, हे बरे नव्हे. उद्या बाजारात असा वाटा समोर आला तर विकणारीला नम्रपणे सांगा, "मावशी, हा नको, हा मोठा होऊन येऊ दे." सरकारांचे एकमत होईल तेव्हा होईल. तोवर एक करार आपण आपल्या घरात करू, आणि त्याच्या पालनासाठी सरकारांचा पिच्छा सोडणार नाही, एवढी खूणगाठ बांधू.